दोन फोटोंशिवाय न बोलणारी बेन

बेनच्या खोलीत शिरलं की नवऱ्याला बसायला एक बुटकं स्टूल मिळायचं आणि धरायला बायकोच्या चपला. नवरा मिलमधला हेल्पर असो की बँकेतला मॅनेजर, चपला सुटत नसत. पहिल्यांदा मला वाटलं, आत स्वच्छता पाळायची म्हणून असेल. मी अदबीनं विचारलं की चपला बाहेर ठेवल्या तर नाही का चालणार. बेन मशीनकडे बघतच म्हणाली, "चालेल. पण मग तुमचे हात रिकामे होतील. पुरुषाचे हात रिकामे झाले की तो बोलतो."

मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत इतिहास शिकवतो. हात भरलेले असले तरी मी बोलतो. हे तिला कळायला फार वेळ लागला नाही.

पांडेसऱ्याहून बमरोलीकडे वळलं की साड्यांच्या एका गोडाऊनवर तिचं सोनोग्राफी सेंटर. तसं सुरतेत भाजीवालीपासून मामलेदारापर्यंत सगळ्या बायका बेनच असतात, पण आमच्या भागात नुसतं "बेनकडे जाऊन आलो" म्हटलं की समोरचा पहिल्यांदा बायकोच्या पोटाकडे बघायचा. साठीची, ठेंगणी, भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलेली. त्या खोलीतला एसी म्हणे मशीनसाठी होता. मशीनला उकडतं आणि मला थंडी वाजते, आमचं लग्न असंच चाललंय, असं ती सांगायची. पक्की सुरती. पण सगळी हयात खान्देशी पोटं तपासण्यात गेल्यामुळे तिची मराठी आमच्या आईसारखी झाली होती आणि तिच्यात अधूनमधून "आहे"च्या जागी अहिराणी "शे" यायचं. धुळ्या-नंदुरबारच्या बायका तिच्यासमोर पाच मिनिटांत माहेरी आल्यासारख्या पसरत.

जेलीची बाटली ती गरम पाण्याच्या डब्यात उभी करून ठेवायची. खालच्या चहावाल्याकडून दर तासाला पाणी यायचं. इतर ठिकाणी ती जेली पोटावर पडली की बायका दचकतात. इथे एकही दचकायची नाही. "कोणाच्या घरात जायचं तर थंडगार हात घेऊन जातात का?" हे तिचं म्हणणं. आणि घरात जायचं म्हणजे ती खरोखरच जायची. प्रोब पोटावर ठेवण्याआधी टिचकी मारून "येऊ का?" असं विचारायची. बाळ पाठ करून झोपलेलं असलं तर त्याला झापायची, हात तोंडावर घेतलेला असला तर "लाजू नको, मी काही सासू नाही" म्हणायची.

एक गोष्ट मात्र तिच्या तोंडून निघत नसे. भिंतीवर कायद्याचा बोर्ड होता, पण तिचा कायदा बोर्डाहून कडक होता. सेंटरमध्ये पेढा आणायला बंदी, बर्फी आणायला बंदी. कारण तिनं यातलं काही उचलून तोंडात टाकलं तरी बाहेर बसलेली माणसं त्याचा अर्थ लावायची. आनंद झालाच असेल तर खमण आणा म्हणायची, खमणातून कोणालाही काही कळत नाही. आमच्या आईनं मला पढवून पाठवलं होतं की सरळ विचारू नको, झबली कोणत्या रंगाची शिवू एवढंच विचार. मी फार हुशारीनं, हवापाण्याच्या गप्पांत गुंडाळून तो प्रश्न टाकला. बेन म्हणाली, "पिवळ्या." मी विजयी मुद्रेनं बाहेर आलो आणि आईला फोन केला. पुढे बमरोलीच्या चाळींतून जाताना दर दुसऱ्या दोरीवर पिवळी झबली वाळत घातलेली दिसली, तेव्हा कळलं की माझ्याआधी किती हुशार येऊन गेले होते.

माझा पहिला पराक्रम मात्र झबल्यांच्या आधीचा, पहिल्याच दिवशीचा. बायको पहिले काही महिने शिरपूरकडे माहेरी होती, तिच्या आईच्या आजारपणात. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घ्या म्हणून दोनदा सांगितलं होतं, आणि मी दोन्ही वेळा फोनवरून आता सगळं सुरतेतच करू म्हणून ते उडवून लावलं होतं. ती आली ती सातवा सरता सरता. प्रसूतीच्या डॉक्टरांनी लगेच बेनकडे पाठवलं. सोनोग्राफीला पोट पाण्यानं तुडुंब भरलेलं लागतं, ही माझी माहिती. कोणाकडून, कधी मिळाली ते आठवत नाही, पण मी ती शास्त्राधारासारखी अमलात आणली. बायकोला दोन बाटल्या पाणी पाजलं, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून एक बाटली स्वतः प्यायलो. मग पांडेसऱ्याच्या त्या रस्त्यावरून रिक्षा.

बायकोचा चेहरा बघताच बेननं तिला आधी कोपऱ्यातल्या दाराकडे पाठवलं. मला म्हणाली, ते पहिल्या महिन्यांत लागतं, आता बाळाकडे त्याचं स्वतःचं तळं आहे, तुमच्या नगरपालिकेचं पाणी नको. हे ती सांगत असताना माझी स्वतःची अवस्था अशी होती की तपासणी सुरू झाल्यावर मी चपलांसह उठून गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर काहीतरी टोकदार दिसत होतं. मी भरून येऊन म्हणालो, हे तर अगदी माझ्या वडिलांचं, आमच्या अण्णांचं नाक.

"गुडघा शे," बेन म्हणाली.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तिनं मोजायला सुरुवात केली. डोकं, पोट, मांडीचं हाड. एकेक माप घ्यायची, थांबायची, परत घ्यायची. टिचक्या बंद झाल्या, बाळाशी बोलणंही बंद झालं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, शेवटची पाळी कधीची. प्रश्न बायकोला होता. पण तारीख हा माझा प्रांत. मुलं मला सनावळीचं मशीन म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात ते इथे नको. बायकोनं "भाऊबीजेला" एवढं म्हणेपर्यंत मी ऑक्टोबरच्या अखेरची ती तारीख वारासकट ठोकून दिली. बेननं लिहून घेतली.

मग म्हणाली, त्या हिशेबानं बाळ जवळजवळ तीन आठवडे लहान दिसतंय.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

बेननं एक बटण दाबलं आणि खोलीभर नाळेतल्या रक्ताचा आवाज भरला, मिलमधल्या मशीनसारखा फसफसणारा, एका ठेक्यातला. बराच वेळ ती डोळे मिटून ऐकत राहिली. रक्त नीट जातंय म्हणाली, पाणी चांगलं आहे, बाळाला पोसणारी वार चांगली दिसते आहे. मग स्वतःशीच पुटपुटली की उपाशी बाळाचं आधी पोट खपाटीला जातं, डोकं तसंच राहतं. इथे सगळंच सारखं लहान.

"म्हणजे वाढ थांबली आहे का?" मी विचारलं.

"मास्तर, एका फोटोवरून माणूस वाढतोय की नाही ते कळतं का? दोन लागतात. दोन आठवड्यांनी या. तोवर मी काही बोलणार नाही आणि तुम्हीही बोलू नका."

हा तिचा धर्मच होता. एका फोटोवर ती निकाल देत नसे. प्रसूतीच्या डॉक्टरांनी फोन करून पक्कं उत्तर मागितलं, तरी पठ्ठी बधली नाही. त्यांचंही चूक नव्हतं. माझ्या तारखेनं बत्तीस आठवडे झालेले, बाळ एकोणतीसचं दिसतंय. त्यांनी आम्हाला समोर बसवून शांतपणे सांगितलं की आत पोषण मिळत नसेल तर आत ठेवण्यात अर्थ नाही. फुप्फुसं पक्की व्हायची इंजेक्शनं द्यायची, आणि पुढच्या तपासणीतही वाढ दिसली नाही तर लवकर बाहेर काढायचं. काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, तयारी ठेवा.

त्यांचा आग्रह होता की इंजेक्शन आजच घ्यावं. बेननं त्यांना फोनवर गुजरातीत काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. पण इंजेक्शन दुसऱ्या फोटोपर्यंत थांबलं. अट एवढीच की बायकोनं रोज बाळाची हालचाल बघायची, आणि कमी वाटली तर धावत यायचं.

ते दोन आठवडे आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. पण खरी पंचाईत वेगळीच होती आणि ती मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळली. आई जेवत नव्हती. ताट घ्यायची, भाकरी चुरायची आणि उठून जायची. आधी उपास म्हणाली, मग ॲसिडिटी म्हणाली. शेवटी भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मन्ही चूक व्हयनी."

आमच्याकडे जुन्या बायकांची समजूत अशी की शेवटच्या महिन्यांत पोटुशीनं हात आखडून खावं. बाळ लहान राहतं, सुटका सोपी होते. आईच्या सासूनं तिचं असंच केलं होतं, आणि मी सुखरूप निघालो हा त्याचा पुरावा. सून माहेराहून आल्यापासून आई प्रेमापोटी तिची दुसरी भाकरी हळूच बाजूला करत होती. सून बिचारी आधीच छातीशी जळजळ म्हणून फारसं खात नव्हती, तिच्या लक्षातही आलं नाही. आणि आता बाळ लहान निघालं. आईनं स्वतःला शिक्षा ठोठावून टाकली होती. जोवर ते आत उपाशी आहे तोवर ही बाहेर उपाशी. मी तिला रक्तप्रवाह, वार वगैरे समजावून सांगितलं. इतिहासाच्या मास्तरानं सांगितलेल्या विज्ञानावर आई का म्हणून विश्वास ठेवेल.

दुसऱ्या फोटोला आई आमच्याबरोबर आली. बेननं तिला पलंगाच्या पायथ्याशी बसवलं. आईनं बसल्याबरोबर सुनेचे दोन्ही पाय हातात धरले. मला स्टूल आणि चपला. टिचकी, "येऊ का?", आणि मोजणी. डोकं. पोट. मांडी. परत डोकं. मी पडद्यावरचे आकडे वाचायचा प्रयत्न करत होतो, पण त्या दिवशी मला ते नीट दिसतच नव्हते.

आई थांबू शकली नाही. तिनं अहिराणीत विचारलं की ते उपाशी आहे का, कारण भाकरी मी तोडली, सुनेचा काही दोष नाही.

बेननं प्रोब तसाच धरून ठेवला आणि मान वळवली. "माय, इकडे बघा. दोन आठवड्यांत हे पूर्ण दोन आठवडे वाढलंय. डोकंही, पोटही. उपाशी बाळ असं वाढत नाही. ते तुमच्याकडे भाकर मागायला आलंच नव्हतं. ते हिच्या अंगातून घेऊन मोकळं झालंय, हाडं दुखतात का विचारा हिला. आता दोन भाकरी हिला द्या आणि एक तुम्ही खा."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, मग लहान का.

"हां," बेन म्हणाली. "आता खरा सवाल. मास्तर, तुम्ही बोलायचं नाही. बेटा, तू सांग. तारीख कशावरून लक्षात आहे?"

बायको पडद्याकडे बघत सांगू लागली. भाऊबीजेला ती माहेरी होती. भाऊ नाशिकहून ओवाळून घ्यायला आलेला, पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, आणि नेमकी त्याच सकाळी ती बाजूला बसली. ओवाळलं शेजारच्या मुलीनं. भावानं साडी लांबूनच दिली. असा दिवस बाई विसरत नाही.

"बराबर. आणि ती भाऊबीज ऑक्टोबरात आली?"

"मी भाऊबीज म्हटलं होतं," बायको म्हणाली. "ऑक्टोबर यांनी म्हटलं."

मी तोंड उघडलं. बेननं बोट वर केलं. मी मिटलं.

बेन स्वेटरच्या बाहीनं चष्मा पुसत विचार करत राहिली. मग म्हणाली, गेल्या वर्षी पुरुषोत्तम महिना आला होता. मी महिनाभर एकवेळ जेवले होते, मला पक्कं आठवतं. दिवाळी लांबली होती. थंडीत फटाके वाजले होते.

पुरुषोत्तम महिना म्हणजे आपला अधिक महिना. तो ज्या वर्षी येतो त्या वर्षी पुढचे सगळे सण वीसेक दिवस पुढे सरकतात. हे मी वर्गात शिकवतो. चंद्राचं वर्ष, सूर्याचं वर्ष, फळ्यावर दोन वर्तुळं काढून. आणि मला जी भाऊबीज वारासकट पाठ होती ती त्याच्या आदल्या वर्षीची, आमच्या दिवाळसणाची. सासऱ्यांनी त्या दिवशी घड्याळ दिलं होतं, म्हणून ती डोक्यात कोरली गेली होती. पुढच्या वर्षीची भाऊबीजही तिथेच असणार, असं माझ्यातल्या इतिहासकारानं गृहीत धरलं होतं. खरी भाऊबीज नोव्हेंबरच्या मध्यावर गेलेली.

मी अगदी बारीक आवाजात म्हणालो की अधिक महिना आला होता हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

"लक्षात कसं नाही?" बायको पडल्या पडल्या म्हणाली. "त्याच अधिकात माझ्या आईनं तुम्हाला वाण दिलं. तेहतीस अनारसे. कोणाला एक दिला नाही. खाल्ले तेवढे आठवतात, महिना आठवत नाही?"

आई हसली. दोन आठवड्यांनी. तोंडावर पदर धरून, सुनेचे पाय सोडून, गदगदून हसली. बेन हसली नाही. तिनं माझ्याकडे, मांडीवरच्या चपलांकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे बाळ लहान नव्हतं, मास्तर. तुमची तारीख म्हातारी होती."

मला वाटलं, सुटलो. पण तिचा धर्म आड आला. तारीख आता बरोबर वाटते, म्हणाली; आधीचीही वाटत होती. मी तारखेवर जात नाही, बाळावर जाते. आणखी दोन आठवड्यांनी या. तिनं डॉक्टरांना सगळं लिहून कळवलं. त्यांनी इंजेक्शनं आणि काचेची पेटी दोन्ही बाजूला ठेवली आणि मला फक्त एवढंच विचारलं की तुम्ही शाळेत नक्की काय शिकवता. नंतर मी मनाशी हिशेब केला. त्या वेळी बेननं माझ्या तारखेवर मान डोलावली असती, तर धडधाकट वाढणारं लेकरू केवळ बाप पाठांतरात हुशार म्हणून चांगलं दीड-दोन महिने आधी ओढून बाहेर काढलं असतं. हा हिशेब मी बायकोला सांगितला नाही. तिनं तो माझ्याआधीच केलेला असणार.

तिसरा फोटोही चोख निघाला. बाळ आपल्या गतीनं, कोणाचंही न ऐकता वाढत होतं.

माझ्या तारखेचे परिणाम इतक्यावर थांबले नाहीत. मी सुरुवातीलाच गावाकडे सगळ्यांना बाळंतपणाचा दिवस कळवून टाकला होता. सुधारित दिवस कळवायचा राहिला. त्यामुळे ऑगस्ट लागता लागता आत्या आणि मावशी डिंकाच्या लाडवांसकट येऊन उतरल्या आणि तीन आठवडे आमच्या दोन खोल्यांत वाट बघत बसल्या. लाडू बाळंतिणीसाठी होते. वाट बघताना संपले. रोज सकाळी दोघी बायकोच्या पोटाकडे आणि मग माझ्याकडे बघायच्या, जणू मीच ते अडवून धरलंय.

अखेर एका सकाळी, माझ्या तारखेनंतर चांगल्या तीन आठवड्यांनी, बायकोला कळा सुरू झाल्या आणि दुपारी ती मोकळी झाली. मुलगी. वजन भरपूर, नाक आमच्या अण्णांचं, आणि या वेळी ते नाकच होतं. आई सुनेच्या उशाशी बसून चमच्यानं शिरा भरवत होती, आणि सून नको म्हणत असतानाही भरवत होती.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बेनला फोन लावला. काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. आभार, वजन, वेळ, आणि माझ्या मूर्खपणाबद्दल दोन नेटकी वाक्यं. तिनं फोन उचलला आणि मी सुरू करायच्या आत विचारलं, "रडलं का?"

मी हो म्हणालो, आणि मग सांगण्यापेक्षा सरळ आत जाऊन फोन पाळण्याजवळ धरला. मुलगी तेव्हा आख्खा मजला डोक्यावर घेऊन रडत होती. बेन ऐकत राहिली. तिच्या बाजूनं दुसऱ्याच कोणाच्या तरी पोटातल्या बाळाचे ठोके येत होते, धावत्या घोड्यासारखे, आणि बराच वेळ ते ठोके आणि हे रडणं एकमेकांत मिसळून चाललं.

मग ती म्हणाली, "बस. ठेवा आता, मास्तर. इथे एक आडवं झोपलंय."